सदतीस अंशांचं पाणी

मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी उरुळी कांचनला उतरले. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. आठवडाभर त्यांनी तिथे रोगी तपासले, निसर्गोपचाराच्या कामाचा पाया घातला आणि ते पुढच्या प्रवासाला निघाले. मागे राहिलेल्या मंडळींत सुरत जिल्ह्यातला पंचविशीचा एक तरुण होता, मणिभाई देसाई. बेचाळीसच्या चळवळीतून आलेला, विज्ञान शिकलेला, मराठी मुलुखात नवखा. गांधीजींनी दिलेलं काम हेच आयुष्याचं काम मानून तो उरुळीत राहिला, तो १९९३ साली मृत्यू येईपर्यंत.

मणिभाईंचं नाव निघालं की गांधी, आश्रम आणि १९८२ चा मॅगसेसे पुरस्कार एवढं सांगितलं जातं. महाराष्ट्रातल्या दुधाचा इतिहासही असाच सांगितला जातो: वळू कुठून आले, प्रयोगशाळा कोणी बांधली, किती लिटर दूध वाढलं. या इतिहासाचा सगळा भार ज्या अर्ध्या मिनिटावर आहे त्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. गोठ्याच्या दाराशी, कोमट पाण्यात, वळूच्या रेताची गोठलेली कांडी वितळवण्याचं ते अर्धं मिनिट. उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षं सुखरूप राहिलेलं रेत तिथे जगतं, नाहीतर तिथेच मरतं. म्हणून हा इतिहास पाण्याच्या त्या भांड्यापासून लिहावा असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

गांधीजींना गोसेवा प्रिय होती, पण निव्वळ पूजेची गोसेवा मणिभाईंच्या पचनी पडणारी नव्हती. आश्रमाच्या गोशाळेत त्यांनी गीर गाई वाढवल्या. निवड, खुराक आणि रोजच्या नोंदी या तीन गोष्टींवर त्यांचा भर होता. गोशाळेतल्या गाईंचं दूध वाढत गेलं तसा एक प्रश्न समोर उभा राहिला. कुंपणापलीकडच्या शेतकऱ्याची गाय दिवसाला जेमतेम लिटर-दोन लिटर दूध देते, वेतं लांबतात, कालवड मोठी व्हायला वर्षंच्या वर्षं जातात. आपल्या चांगल्या गाईंचा त्याला उपयोग काय? वंश सुधारायचा तर चांगला वळू हवा, आणि असा वळू दारात बांधणं एकट्या शेतकऱ्याला परवडत नाही. गावच्या पोळाने गाई फळवायच्या तर तो जसा असेल तशीच पुढची पिढी.

कृत्रिम रेतन तोवर भारतात आलं होतं. म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी १९३९ साली हा प्रयोग यशस्वी केला. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेत त्यावर पद्धतशीर काम सुरू झालं, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेत ‘की व्हिलेज’ योजनेची केंद्रं उभी राहिली. पण या केंद्रांवरचं रेत ताजं किंवा बर्फात थंड ठेवलेलं असे. थर्मासमध्ये पाच अंशांच्या आसपास ते दोन-तीन दिवस टिके, नंतर वाया. केंद्र तालुक्याला, गाय वाडीवर. गाईचा माज बारा ते अठरा तासांत ओसरतो, तेवढ्यात तिला चालवत नेऊन खोड्यात उभी करायची. ऐन पेरणीत घरचं माणूस मोकळं नसलं, ओढ्याला पाणी आलं, केंद्रावर डॉक्टर भेटले नाहीत, की माज गेला. मग एकवीस दिवस थांबा. तेवढे दिवस दूध नसलेल्या जनावराला चारा घालायचा. असा एकेक माज चुकत वर्ष निघून गेलेली घरं तेव्हा गावोगाव होती.

थर्मासचे हे दोन-तीन दिवस वर्षानुवर्षांवर गेले ते लंडनच्या मिल हिल भागातल्या प्रयोगशाळेतल्या एका अदलाबदलीमुळे. ख्रिस्तोफर पोल्ज हा तरुण संशोधक ऑड्री स्मिथ आणि ॲलन पार्क्स यांच्याबरोबर कोंबड्याचे शुक्राणू गोठवून पुन्हा जिवंत करण्याच्या खटपटीत होता. फळांतली साखर मिसळून पाहिली, हाती काही लागलं नाही. मध्ये काही महिने काम थांबलं. पुन्हा सुरुवात केली तेव्हा शीतगृहातली जुनी बाटली वापरली, आणि गोठवलेले शुक्राणू वितळल्यावर हलू लागले. साखरेचं नवं द्रावण करून पाहिलं तर पुन्हा अपयश. मग त्या जुन्या बाटलीत उरलेला थेंबभर द्रव तपासायला दिला. त्यात साखर नव्हतीच, ग्लिसरीन आणि अल्ब्युमिन होतं. कुठेतरी बाटल्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या. १९४९ साली ‘नेचर’मध्ये हा शोध छापून आला आणि दोनच वर्षांत, १९५१ साली, गोठवलेल्या रेतापासून इंग्लंडमध्ये पहिलं वासरू जन्माला आलं.

ग्लिसरीनचं काम समजून घेतलं तर पुढचं सगळं समजतं. पेशी गोठते तेव्हा तिच्यातल्या पाण्याचे टोकदार स्फटिक होतात आणि ते आवरण फाडतात. ग्लिसरीन पाण्याला असा स्फटिक बांधू देत नाही. द्रावणात मिसळलेला अंड्याचा बलक थंडीच्या धक्क्यापासून आवरणाला जपतो. पण ही सुरक्षा फक्त गोठण्याच्या वाटेवर नसते, परतीच्या वाटेवरही तिची परीक्षा असते. उणे १९६ अंशांवर काहीच घडत नाही. तिथून वर येताना, शून्याच्या खालच्या पट्ट्यात कांडी रेंगाळली, तर बारीक स्फटिक विरघळून एकमेकांना चिकटतात आणि मोठे होतात. गोठवताना जे शुक्राणू वाचले ते वितळताना मरतात. म्हणून तो पट्टा झपाट्याने ओलांडायला हवा.

पहिल्या काळात रेत काचेच्या अँप्यूलमध्ये भरत आणि बर्फाच्या पाण्यात आठ-दहा मिनिटं ठेवून वितळवत. जाड काच, त्यात जास्त द्रव, तिथे सावकाशीच बरी वाटे. प्लॅस्टिकच्या बारीक कांडीने हे बदललं. डेन्मार्कच्या सोरेन्सेन यांनी कांडीची कल्पना वापरली होतीच, फ्रान्सच्या रोबेर कासू यांनी साठच्या दशकात तिला आजचं रूप दिलं. पाव मिलिलिटरची कांडी हाताची वीतही भरत नाही, आणि जाडीला झाडूच्या काडीएवढी. तिच्यात दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात. एवढ्या बारीक नळीत ऊब आतपर्यंत क्षणात पोचते, त्यामुळे कोमट पाण्यात झटपट वितळवणं शक्य झालं आणि तेच हिताचं ठरलं. आपल्याकडे स्थिरावलेला नियम असा: सदतीस अंशांचं पाणी, तीस सेकंद.

२४ ऑगस्ट १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या हस्ते उरुळीत भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशनचं, म्हणजे आजच्या ‘बायफ’चं उद्घाटन झालं. होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी वळूंचं रेत गावठी गाईला भरायचं, संकरित कालवड शेतकऱ्याच्या दारात वाढवायची आणि तिच्यावर त्याचं घर उभं करायचं, हा मणिभाईंचा विचार. गोसेवेच्या वर्तुळात हा विचार अनेकांना रुचला नाही. गांधीजींचा माणूस देशी गाईचं रक्त बिघडवतो, हा आरोप साधा नव्हता. मणिभाईंची बाजू मला पटते, ती एका कारणासाठी: ते गाईकडे तिला पोसणाऱ्या घराच्या बाजूने पाहत होते. ज्या गाईला सांभाळणं परवडत नाही ती शेवटी उपाशी मरते किंवा विकली जाते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बायफने गोठवलेलं रेत थेट गावात न्यायला सुरुवात केली. त्या काळी देशात जिथे हे तंत्र होतं तिथे ते बहुतेक सरकारी किंवा परदेशी मदतीच्या प्रक्षेत्रांवर होतं, केरळातल्या माट्टुपेट्टीसारख्या ठिकाणी. मणिभाईंनी दिशा उलटी केली. गाय केंद्रावर येणार नाही, केंद्र गाईकडे जाईल. मोटारसायकल, मागे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नत्राचं छोटं पात्र, पिशवीत रेत सोडायची गन, तिच्यावर चढवायची शीथ, चिमटा, कात्री, थर्मामीटर. निरोप आला की माणूस निघाला. सहकारी साखर कारखान्यांना ही गोष्ट आधी कळली. सभासदाच्या घरी ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध रोज देतं. कारखान्यांनी आपल्या क्षेत्रात केंद्रं मागून घेतली आणि खर्चाचा वाटा उचलला. १९७२ च्या दुष्काळात पीक गेलेल्या कुटुंबांनी रोजच्या पैशाचं मोल जवळून पाहिलं होतं.

पुरवठ्याची बाजूही हळूहळू बसत गेली. सुरुवातीला परदेशातून आलेलं रेत, पुढे उरुळीतच पाळलेल्या वळूंचं. राज्याच्या गोठित रेत प्रयोगशाळाही पुणे, औरंगाबाद आणि नागपूरला काम करू लागल्या. पात्रं नाशिकला आयबीपीच्या कारखान्यात बनू लागली. तीन लिटरचं ‘बीए-३’ हे नाव ग्रामीण महाराष्ट्रात काम केलेल्या प्रत्येक पशुवैद्याला ठाऊक आहे. ही पात्रं म्हणजे दुहेरी भिंतीचे मोठे थर्मासच. आतला नत्र सतत उकळत, उडत असतो, म्हणून ठरलेल्या दिवशी तो भरावाच लागतो. नत्राची गाडी चुकली आणि पात्र कोरडं पडलं, तर आतल्या कांड्या बाहेरून जशाच्या तशा दिसतात, पण आत जीव उरलेला नसतो. अशा कांड्या भरल्या जातात, गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, आणि दोष गाईला दिला जातो.

आता ते अर्धं मिनिट जवळून पाहू. निरोप आल्यावर आधी विचारायचं ते माज कधी दिसला. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाय हंबरते, दुसरीवर चढते, दुसरीला चढू देते, काचेसारखा स्वच्छ सोट (स्राव) टाकते. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका, रात्रीच येऊन जाणारा, त्याला पारखी नजर लागते. मग गाय आणि गन तयार ठेवायची, नंतरच पात्राचं झाकण काढायचं. आतल्या कांड्यांच्या डब्याची दांडी वर घ्यायची, पण डबा पात्राच्या गळ्याबाहेर नाही. गळ्यात जिथे दवाची पांढरी रेघ दिसते तिच्या खालीच डबा राहिला पाहिजे. हवी ती कांडी चिमट्याने उचलायची, बोटांनी नाही. दहा सेकंदांत डबा परत खाली. या दहा सेकंदांचा हिशोब त्या एका कांडीपुरता नसतो. डबा जितक्यांदा उगाच वर येतो तितक्यांदा त्यातल्या बाकीच्या सगळ्या कांड्या थोड्या थोड्या तापतात, आणि त्याचा फटका पुढच्या गावच्या गाईला बसतो.

कांडी झटकून सरळ पाण्यात. थर्मासच्या झाकणात किंवा वितळवण्याच्या डब्यात घेतलेलं हे पाणी थर्मामीटरने मोजलेलं हवं. तीस सेकंद. बाहेर काढून कांडी कोरडी पुसायची. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात, म्हणून हे पुसणं तितकंच महत्त्वाचं. हातावर चोळून कोमट केलेल्या गनमध्ये कांडी घालायची, बंद टोक काटकोनात कापायचं, वर शीथ चढवायची. तिरकं कापलं तर कांडी शीथमध्ये नीट बसत नाही आणि रेत मागे झिरपतं. मग डावा हात गुदाशयातून आत, गर्भाशयाचं मुख मुठीत, उजव्या हातातली गन त्यातून अलगद पुढे. मुख ओलांडलं की गर्भाशयाच्या तोंडाशीच सावकाश रेत सोडायचं. वितळल्यापासून इथपर्यंत जितका कमी वेळ जाईल तितकं बरं. वितळलेली कांडी पुन्हा गोठवता येत नाही. गाय बिथरली, खोडा मोडला, पाऊस आला, तरी ती कांडी आता परत जाणार नाही.

हे सगळं प्रशिक्षणात शिकवलं जातं. पण प्रत्यक्ष कामात काय होतं? कांडी शर्टाच्या खिशात टाकून वितळवणारे आहेत, मुठीत धरणारे आहेत, काखेत ठेवणारे आहेत. घाई असते, घरात पाणी गरम करून द्यायला कोणी नसतं. खिशात कांडी वितळते, यात शंका नाही. पण ती सावकाश वितळते, आणि स्फटिक मोठे व्हायला तेवढा वेळ पुरतो. पाण्याचंही तेच. पुणे जिल्ह्यात डिसेंबरच्या पहाटे हौदातलं पाणी हातही घालवणार नाही इतकं गार असतं. कोकणाच्या बाजूला मे महिन्यात पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी चटका देतं. दोन्हीकडचा माणूस बोट बुडवून ‘कोमट आहे’ म्हणतो. बोट थर्मामीटर नाही. माझ्या मते गाई वारंवार उलटण्यामागचं हे कारण आपण पुरेसं मानत नाही. खुराकाची कमतरता, गर्भाशयाचा दाह, माज ओळखण्यातली चूक ही कारणं खरीच. पण पाण्याच्या भांड्याची तपासणी सर्वांत स्वस्त असून सर्वांत कमी होते.

आतापर्यंतची गोष्ट मुख्यतः घाटावरची. ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला या इतिहासाची एक वेगळी बाजू आली. मुंबई दूध पिणारी, भोवतालचा मुलुख तिला गवत पुरवणारा. जिल्ह्यातलं वाळलेलं गवत शहरातल्या तबेल्यांना जाई. तबेल्यात म्हैस बाहेरून आणायची, दूध असेतो पिळायची आणि आटली की विकून टाकायची. पुन्हा फळवून सांभाळण्याइतकी जागा आणि चारा शहरात नव्हता. उत्तमोत्तम दुधाळ म्हशी एका वेतात संपत. १९४९ साली दारा खुरोडींच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहिली, तेव्हा बरेच तबेले शहराबाहेर गेले. भाकड म्हशी वाचवून पुन्हा गाभण करणं हा सरकारी दुग्ध खात्यापुढचा मोठा प्रश्न होता. म्हणजे दुधाची एवढी बाजारपेठ शेजारी असून पैदास मात्र इथे रुजली नाही.

याच जिल्ह्यातल्या मांजर्लीचं उदाहरण घ्या, बदलापूर पश्चिमेचं हे जुनं गाव. आज कुळगाव-बदलापूर नगर परिषदेच्या हद्दीत, इमारतींच्या गर्दीत. उल्हास नदीच्या या पट्ट्यात भात हे मुख्य पीक, आणि भातवाल्याला बैल हवा असे. चार महिने धो धो पाऊस झेलणारं, चिखलात खूर न सडणारं जनावर. डोंगरातलं डांगी त्यासाठीच प्रसिद्ध, तेलकट कातडीवरून पाणी निथळून जातं. किनाऱ्याकडची छोटी, काटक गाय २०१८ साली ‘कोकण कपिला’ म्हणून स्वतंत्र जात नोंदली गेली. अशा हवेत मोठ्या अंगाची होल्स्टिन संकरित गाय दमते, धापा टाकते, गोचिडांना बळी पडते. म्हणून कोकणात संकरासाठी जर्सी बरी मानली गेली, अंगाने लहान, उष्णता जास्त सोसणारी. देशावर जे जमलं ते घाटाखाली तसंच्या तसं जमणार नव्हतं. ज्या कार्यकर्त्याच्या पात्रात कुठल्या डब्यात कुठल्या वळूच्या कांड्या आहेत याची नोंद चोख असे, त्याच्याच हातच्या संकरित गाई या मुलुखात टिकल्या.

संकराचा हिशोब पूर्ण मांडायचा तर गोऱ्ह्यांबद्दल बोलायलाच हवं. कालवड झाली तर घरात पेढे, गोऱ्हा झाला तर शांतता. संकरित गोऱ्ह्याला नीट वशिंड नाही, उन्हात जू ओढायची ताकद कमी. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचीच गरज घटली, आणि मार्च २०१५ पासून राज्यात गोवंशाच्या हत्येवर संपूर्ण बंदी आल्यावर या गोऱ्ह्यांचं करायचं काय, हा प्रश्न शेतकऱ्याच्या गळ्यात पडला. मोकाट सोडलेली जनावरं रस्त्यांवर दिसतात ती काही आकाशातून पडत नाहीत. मणिभाईंच्या योजनेतली ही उणीव होती असं मी म्हणणार नाही. त्यांच्या काळात बैलाला काम होतं आणि बाजारही होता. पण दूध वाढवणाऱ्या धोरणाने निम्म्या वासरांचा विचार फार उशिरा केला, हे खरं आहे.

त्यावरचा आजचा उपाय पुन्हा आपल्याला पाण्याच्या भांड्याकडेच आणतो. लिंगनिर्धारित रेताच्या कांडीतून दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूमध्ये गुणसूत्रांचा मालमसाला किंचित जास्त असतो, त्यावरून यंत्र एकेक शुक्राणू निवडतं. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या संशोधकांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सिद्ध केली. पण निवडणं संथ आणि महाग, म्हणून अशा कांडीत शुक्राणूंची संख्या दोन कोटींच्या जागी वीस-चाळीस लाखांवर येते. आधीच यंत्रातून जाऊन दमलेले, आणि मोजके. नेहमीच्या कांडीत वितळवताना थोडं चुकलं तरी दोन कोटींतले पुरेसे वाचतात आणि चूक झाकली जाते. या कांडीत ती झाकली जात नाही.

किंमतही तशीच. साधी कांडी सरकारी दवाखान्यातून नाममात्र शुल्कात भरली जाते, ही महागडी कांडी गोठेवाला अनुदान मिळवून किंवा पदरचे पैसे घालून घेतो. म्हणून त्याने पुढच्या वेळी डॉक्टर किंवा सेवादाता दारात आला की चहाच्या आधी सदतीस अंशांचं पाणी तयार ठेवावं, आणि थर्मामीटर पाण्यात बुडवलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. कांडीवर वळूचा क्रमांक, जात आणि गोठवल्याची तारीख छापलेली असते. रिकामी कांडी फेकून न देता गाईच्या नावाने जपून ठेवावी, म्हणजे गाय गाभण राहिली तर कोणत्या वळूची, आणि उलटली तर कोणत्या दिवशी गोठवलेल्या कांडीने, हे सांगता येईल. उरुळीच्या गोशाळेत मणिभाईंनी नोंदवहीवर एवढा भर दिला होता तो याच कामासाठी.